आहार, आतड्यातील जीवाणू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

प्रस्तावना

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणूंची वसाहत असते. लहान आतड्यात जे अन्न पचत नाही, ते या जीवाणूंच्या वाट्याला येते. साहजिकच मोठ्या आतड्याच्या अस्तराशी संपर्क येतो तो मुख्यतः मूळ अन्नाचा नव्हे, तर जीवाणूंनी त्यापासून तयार केलेल्या द्रव्यांचा. या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण जगात इतके विषम का आहे, याचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

युगांडात दीर्घकाळ शल्यचिकित्सक म्हणून काम केलेल्या डॉ. डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये या विषमतेचा संबंध आहारातील तंतुमय पदार्थांशी जोडला. ग्रामीण आफ्रिकेत हा रोग दुर्मीळ, तर पाश्चात्त्य देशांत नेहमीचा होता. तंतुमय आहाराने मळाचे आकारमान वाढते, तो लवकर बाहेर पडतो आणि घातक द्रव्यांना अस्तरावर परिणाम करण्यास अवधी मिळत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. बर्किट यांनी जीवाणूंचा विचार केला होता, पण घातक द्रव्यांचे उत्पादक म्हणून. जीवाणूंची संरक्षक बाजू पुढील संशोधनातून स्पष्ट झाली.

जीवाणूंचे दुहेरी कार्य

तंतुमय पदार्थ आणि न पचलेला स्टार्च यांचे जीवाणूंकडून किण्वन होऊन काही मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. कर्कपेशी मात्र ऊर्जेसाठी प्रामुख्याने ग्लुकोजवर अवलंबून असतात. न वापरलेले ब्युटिरेट त्यांच्यात साठते, जनुकांच्या नियंत्रणात बदल घडवते आणि त्यांची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. या आम्लाचे नाव लोण्यावरून पडले असले, तरी मोठ्या आतड्यातील त्याचे प्रमाण लोण्याने नव्हे, तर कडधान्ये आणि कोंड्यासह दळलेल्या धान्याने वाढते.

मेदयुक्त आहाराचा परिणाम याच्या उलट होतो. मेदाच्या पचनासाठी पित्त अधिक स्रवते; त्यातील जी पित्ताम्ले मोठ्या आतड्यात पोहोचतात, त्यांचे जीवाणू डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतात. ही द्रव्ये अस्तराला इजा पोहोचवतात आणि इजा भरून काढण्यासाठी पेशींचे विभाजन वाढते.

आहाराच्या अदलाबदलीचा प्रयोग

पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. स्टीफन ओकीफ व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या लोकांत या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे सुमारे ६५, तर ग्रामीण दक्षिण आफ्रिकेत लाखामागे ५ हूनही कमी होते. दोन्ही गटांतील प्रत्येकी २० व्यक्तींच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांच्या आहारातील तंतूंचे प्रमाण दररोज १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेण्यात आले. आफ्रिकी ग्रामस्थांना सॉसेज, हॅम्बर्गर, तळलेले बटाटे असे अन्न देऊन त्यांचे तंतू ६६ वरून १२ ग्रॅमवर आणण्यात आले.

अमेरिकन गटात ब्युटिरेटची निर्मिती सुमारे अडीचपट झाली व दुय्यम पित्ताम्ले ७० टक्क्यांनी घटली. आफ्रिकी गटात ब्युटिरेट निम्म्यावर आले आणि ही पित्ताम्ले कित्येक पटींनी वाढली. अस्तरातील दाह व पेशींच्या विभाजनाचा वेग यांतही त्याच दिशेने बदल झाला. आयुष्यभराच्या सवयींचा परिणाम पंधरवड्यात पालटावा, ही गोष्ट खुद्द तज्ज्ञांनाही विस्मयकारक होती.

पुराव्याच्या मर्यादा

तथापि, पेशींच्या विभाजनाचा वेग म्हणजे कर्करोग नव्हे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत तंतुमय आहाराने आतड्यातील गाठी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी झाले नाही. आनुवंशिक धोका असलेल्या लिंच सिंड्रोमच्या रुग्णांना दोन वर्षे प्रतिरोधी स्टार्च देण्यात आला, तेव्हाही मोठ्या आतड्याचा कर्करोग टळला नाही. इतर अवयवांचे कर्करोग मात्र घटले, असे २०२२ मध्ये जाहीर झाले. या निष्कर्षांकडे दुर्लक्ष करून तंतूंचे गोडवे गाणे शास्त्रीय ठरणार नाही. साध्या गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. या चाचण्यांत आहार बदलण्यात आला तो उतारवयात किंवा अल्प काळासाठी.

काळाचा हा मुद्दा एका विशिष्ट जीवाणूच्या अभ्यासाने अधिक तीव्र झाला आहे. एश्चेरिशिया कोलायचे काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष डीएनएवर आपली ओळखता येण्याजोगी खूण ठेवते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. ११ देशांतील रुग्णांच्या गाठींचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा सुमारे तिपटीने अधिक आढळली, आणि ती उमटण्याचा काळ बहुधा आयुष्याच्या पहिल्या दशकातील असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. बालवयातील आहाराचा या जीवाणूच्या वाढीवर कितपत प्रभाव पडतो, हे पन्नाशीतील प्रौढांवर केलेल्या चाचण्यांतून कळू शकत नाही.