दुसऱ्या खेळाडूची जागा

लहानपणीच्या वस्तू मोठेपणी पाहिल्या म्हणजे बहुधा लहान वाटतात. शाळेचे अफाट पटांगण प्रत्यक्षात बेताचेच निघते. आजोळचा उंच जिना पाच-सहा पायऱ्यांत संपतो. व्हिडिओ गेमची गोष्ट मात्र निराळी आहे. तो झिजत नाही, त्याचा रंग उडत नाही, त्याच्यातील शत्रू तीस वर्षांनीही त्याच झाडामागून, त्याच क्षणी बाहेर येतो. असे असूनही तो पुन्हा खेळावयास बसलेल्या माणसाला काहीतरी हरवल्यासारखे वाटते. हे हरवलेले काय, ते 'काँट्रा' या एका खेळाच्या उदाहरणाने चांगले उमगते.

'काँट्रा' हा कोनामी या जपानी कंपनीचा खेळ. १९८७ मध्ये तो नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रासाठी निघाला आणि १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. हे यंत्र १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम या नावाने विक्रीस आले होते. भारतात १९९० नंतरच्या दशकात त्याच्या नकला निरनिराळ्या नावांनी मिळू लागल्या आणि सुट्टीच्या दुपारी मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदे, बेळगाव येथील घरांतही दूरचित्रवाणी संचापुढे दोन मुले मांडी घालून बसू लागली. खेळाच्या डबीला मुले 'कॅसेट' म्हणत. वास्तविक तिच्यात फीत नव्हती. होत्या त्या स्मृतीच्या चकत्या आणि धातूच्या संपर्कपट्ट्या. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारावयाची, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. खरे पाहता गुण फुंकरीचा नव्हताच. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने संपर्क नीट जुळे, एवढेच. उलट फुंकरीतील ओलाव्याने पट्ट्यांना गंज चढण्याचा धोका असे.

या यंत्राची शक्ती आजच्या मानाने अगदी तुटपुंजी होती. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट. 'काँट्रा'चा संपूर्ण खेळ १२८ किलोबाइटमध्ये मावलेला. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रदेखील त्याहून कितीतरी पटींनी मोठे असते. पडद्यावर हलणारी चित्रे लहान लहान तुकड्यांची बनत आणि एका आडव्या रेषेवर असे आठच तुकडे यंत्राला दाखविता येत. दोन सैनिक, चार शत्रू आणि गोळ्यांचा वर्षाव एकाच पातळीवर आला की आठांची मर्यादा ओलांडली जाई. मग खेळ रचणारे तुकडे आळीपाळीने दाखवीत. गर्दीच्या वेळी चित्रे लुकलुकत ती यामुळेच. मुलांना तो यंत्राचा बिघाड वाटे. वस्तुतः ती अपुऱ्या साधनांतून काढलेली वाट होती.

या अपुरेपणातूनच दोघांच्या खेळाचे स्वरूप घडले. पडदा एकच, तो दोघांना वाटून देण्याइतके बळ यंत्रात नाही. तेव्हा बिल आणि लान्स या दोन सैनिकांनी त्या एकाच चौकटीत राहावयाचे. या बंधनाचा खरा अर्थ तिसऱ्या टप्प्यात, धबधब्याच्या चढणीवर, कळतो. तेथे खडकांवर उड्या मारीत वर जावयाचे असते. जो वर चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला गडी खालच्या कडेबाहेर गेला की प्राणास मुकतो. शत्रूची गोळी नाही, कोणाचा वार नाही. केवळ सोबत्याची घाई त्याला मारते. त्या चढणीवर किती भावंडांचे भांडण झाले असेल, याची गणती नाही. पण 'थांब, मी आलो' आणि 'आता चल' ही दोन वाक्येही पुष्कळ मुले तेथेच शिकली.

शस्त्रांच्या बाबतीतही असेच. पाच दिशांना एकदम गोळ्या फेकणारी, 'एस' अक्षराची बंदूक सर्वांत मोलाची. ती खाली पडली की दोघांपैकी एकालाच मिळावयाची. गोळी लागताच सैनिक मरतो आणि कमावलेले शस्त्रही जाते. म्हणून ज्याच्याजवळ ते नाही त्याला ते घेऊ देणे हा उदारपणा नव्हे, ते शहाणपण होय. सोबत्याची गोळी सोबत्याला लागत नाही, एवढी सवलत खेळाने दिली आहे. आणखीही एक सोय आहे. एकाचे सर्व प्राण संपले तर दुसऱ्याच्या शिलकीतून त्याला एक प्राण घेता येतो. प्रत्येकाच्या वाट्याला आरंभी तीनच प्राण. त्यांतील एक धाकट्या भावासाठी खर्ची पडणे म्हणजे काय, हे त्या वयात मोठे अर्थशास्त्र असते.

खेळ अतिशय कठीण होता. त्यावर तोड म्हणून एक गुप्त खूण प्रसिद्ध झाली. तिच्यामागची हकिकत मनोरंजक आहे. 'ग्रेडियस' नावाच्या खेळाची घरगुती आवृत्ती १९८६ मध्ये तयार होत असताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो खेळ तपासून पाहताना फार अवघड जाऊ लागला. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी बटणांचा एक क्रम त्यात घातला आणि तो तसाच राहून गेला. वर दोनदा, खाली दोनदा, मग डावे-उजवे, डावे-उजवे आणि शेवटी बी, ए. हाच क्रम 'काँट्रा'त दिला की तीनाऐवजी ३० प्राण मिळत. हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले. आपल्या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा जगभरच्या मुलांना तोंडपाठ झाला. तो मुख्यतः मासिकांतून आणि तोंडोतोंडी पसरला. आणि जे तोंडोतोंडी पसरते त्याला सांगणारा व ऐकणारा असे दोघे लागतात.

आज हा खेळ पुन्हा मिळविणे अवघड नाही. २०१९ मध्ये कोनामीने या मालिकेतील जुन्या खेळांचा संग्रह आधुनिक यंत्रांसाठी प्रसिद्ध केला. त्यात घरगुती 'काँट्रा'ही आहे. तो खेळू लागताच बोटांना वाटा आठवतात, पण उडी मात्र किंचित उशिरा पडल्याचा भास होतो. हा दोष सर्वस्वी वयाचा नव्हे. काचेच्या नळीचे जुने संच आलेले चित्र तत्काळ दाखवीत. आजचे सपाट संच चित्रावर संस्कार करून मग ते दाखवितात आणि त्यात क्षणाचा काही अंश जातो. पुष्कळ संचांत खेळासाठी वेगळी व्यवस्था असते. ती चालू केली की हा विलंब बराच कमी होतो.

एवढे केले, ३० प्राण घेतले, आठही टप्पे पार केले, तरी मन भरत नाही. याचे कारण पडद्यावर नसून सतरंजीवर आहे. खेळाचा अर्धा भाग कॅसेटमध्ये कधी नव्हताच. तो शेजारी बसलेल्या भावात, बहिणीत, वरच्या मजल्यावरच्या मित्रात होता. तो नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेलेला असतो, कधी नुसताच दुरावलेला असतो, कधी या जगातही नसतो. कंपनी १२८ किलोबाइट जसेच्या तसे जतन करू शकते. धबधब्याच्या चढणीवर 'थांब' म्हणणारा आवाज तिला जतन करता येत नाही.

तथापि यात केवळ हळहळीचे कारण नाही. खेळाच्या पहिल्याच पडद्यावर आजही दोन पर्याय दिसतात, एक खेळाडू किंवा दोन खेळाडू. दुसऱ्याची जागा तेथे रिकामी आहे, पुसली गेलेली नाही. दिवाळीत घरी आलेल्या भावाला ती देता येते. ज्याला हा खेळ ठाऊकच नाही अशा दहा वर्षांच्या मुलीलाही देता येते. ती पहिल्याच टप्प्यात तिन्ही प्राण घालवील आणि मोठ्याच्या शिलकीतून चौथा मागेल. तो तिने घ्यावा आणि धबधब्यापाशी मोठ्याने खालच्या खडकावर थोडे थांबावे. जुना खेळ पुन्हा भेटतो तो असा.