पकड आणि चकाकी

घड्याळाच्या स्टील चेनवर सगळ्यात जास्त ओरखडे पडतात ते लॉकवर. मनगटाच्या आतल्या बाजूला बसणारा हा भाग टेबलाच्या कडेशी, लॅपटॉपशी दिवसभर घासत असतो. डायलवरच्या काचेला जिवापाड जपणारा माणूसही लॉककडे बघत नाही. ते आपोआप उघडायला लागलं की मग घड्याळजीकडे धाव.

सुरुवातीच्या मनगटी घड्याळांना साधं बक्कल असे: चौकट, काटा आणि पट्ट्याला भोकं. कातडी पट्टा रोज त्याच भोकापाशी वाकतो आणि तिथेच तडकतो. पॅरिसच्या कार्तिए या पेढीने १९१० च्या सुमारास त्यावर घडीचं लॉक काढलं. बिजागऱ्यांनी जोडलेल्या बाकदार पात्या एकमेकींवर मिटतात. त्या उघडल्या तरी पट्टा सुटा होत नाही, हात निघण्यापुरता सैल होतो. त्यामुळे कातडं टिकतं आणि घालता-काढताना घड्याळ खाली पडत नाही. आजच्या स्टील चेनची बहुतेक लॉकं याच घराण्यातली.

वरच्या पातीची आत वळलेली कड खालच्या छोट्या दांडीवर ‘टक्’ करून बसते, तीच या लॉकची पकड. रोजच्या उघडझापीने कड फाकते, दांडी झिजते. कारागीर चिमट्याने कड केसभर आत घेतो आणि लॉक पुन्हा धरतं. पातळ पत्र्याचं जुनं लॉक मात्र जास्त वाकवलं तर मोडतं. कधी लॉक ठणठणीत असतं आणि चेनला जोडणारी स्प्रिंगची पिन थकलेली असते. म्हणून नवं लॉक घेण्याआधी पिन बदलून पाहावी.

नवं घ्यायचंच असेल, तर माप लॉकच्या टोकाला घ्यावं. पट्टा घड्याळापाशी २० मिलिमीटर असला, तरी लॉककडे निमुळता होत १८ किंवा १६ वर येतो. ‘वीसचं लॉक द्या’ म्हणणाऱ्याची फेरी इथेच वाया जाते. फुलपाखरासारखं दोन्ही बाजूंना उघडणारं लॉक दिसायला सुबक. पण साध्या लॉकच्या कडेला पिन सरकवून माप किंचित कमी-जास्त करायला जी भोकं असतात, ती त्यात सहसा नसतात. उन्हाळ्यात मनगट फुगलं की हा फरक कळतो.

जुन्या घड्याळाला जुळणारं लॉक शोधणं आणखी अवघड. उदाहरणार्थ, एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. आता कंपनीचं नाव कोरलेलं बक्कल हवं, तर दुकानदाराचा पडून राहिलेला माल किंवा भंगारातलं घड्याळ, यांचाच बहुधा आधार.

उजाळा देण्याआधी धातू ओळखावा. भरीव स्टीलवरचे ओरखडे काढता येतात, कारण वर आणि आत धातू एकच. मॅट लॉकवर बारीक रेघा एका दिशेने धावतात. चकचकीत कडा चिकटपट्टीने झाकायच्या आणि खरखरीत पॅड त्याच दिशेने, एका दमात ओढायचा. मागे-पुढे घासलं की रेघा फिसकटतात. बफच्या चाकावर आरशासारखी चमक येते, पण हात जरा रेंगाळला तर धारदार कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. मुलामा दिलेल्या लॉकवर यातलं काहीच करू नये. सोनेरी थर काही मायक्रॉनचा असतो; तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुन्हा मुलामा देण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

प्रत्येक पॉलिश थोडा धातू घेऊन जातं आणि तो परत येत नाही. म्हणून जाणकार कारागीर आधी सैल झालेली पकड दुरुस्त करतो आणि ओरखड्यांबद्दल नंतर विचारतो. रोज वापरायच्या घड्याळाचे चार ओरखडे तसेच राहिले तरी काही बिघडत नाही. पकड सैल राहिली, तर घड्याळच हातचं जातं.