तळाचा वाफसा

नरडाण्याला मामांच्या शेतावर जून महिन्यात एकच प्रश्न फिरत असतो: वाफसा आला का? पहिला पाऊस दणकून झालेला असतो, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं घरात येऊन पडलेली असतात. मामा चपला बांधावर काढतात, काळीत दोन पावलं टाकतात, मूठभर माती दाबून पाहतात आणि फेकून देत म्हणतात, "आजून वाफसा उना नही." मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही नांदू लागली की वाफसा. नुसतंच पाणी भरलेलं असेल तर बी कुजतं, मग ते कितीही भारी कंपनीचं असो.

पण हा लेख शेताविषयी नाही, समुद्राच्या तळाविषयी आहे. नरडाण्याहून समुद्र रेल्वेने अर्ध्या दिवसावर. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडी सुरतेकडे उतरते. आमची माती मात्र रूळ पडायच्या कितीतरी आधीपासून त्याच दिशेने जात आली आहे. बांधावरून ओहोळात, ओहोळातून पांझरेत, मुडावदजवळ पांझरेतून तापीत आणि तापीतून खंभातच्या आखातात. 724 किलोमीटर लांबीच्या या नदीच्या खोऱ्याचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग महाराष्ट्रात आहे. म्हणजे तापी समुद्राला जे देते त्यातला मोठा वाटा विदर्भ-खानदेशाचा.

ही माती समुद्रात पोहोचल्यावर तिचं काय होतं, हे घरी पाहता येतं. मी बांधावरचं एक ढेकूळ आणून दोन उंच बरण्यांत सारखं वाटून घेतलं, वर पाणी भरलं आणि खळखळून हलवलं. रेतीचे बारीक खडे अर्ध्या मिनिटात तळाला. पण खरी काळी तरंगत राहिली. एक मिलिमीटरचे पाचशे भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढा चिकणमातीचा कण असतो; साध्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली उतरायला त्याला सुमारे आठ तास लागतात. मग एका बरणीत दोन चमचे मीठ टाकलं. थोड्याच वेळात त्या बरणीत पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसायला लागले आणि पाणी वरून निवळत गेलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठाचे आयन तो भार झाकतात. मग कण चिकटतात, जड होतात, बसतात. नदी खाडीला मिळते तिथे रोज हेच होत असतं. बिनमिठाची बरणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच होती.

खंभातच्या आखातात मात्र बसलेला गाळही सुखाने बसू शकत नाही. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या वर जातो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. तळ सतत खरवडला जातो. रोज नांगरल्या जाणाऱ्या शेतात काय उगवणार? अशा तळावर जीव तुरळक, आणि असतात तेही चटकन पुरून घेणारे. गाळाला विसावा मिळतो तो पुढे, उघड्या समुद्रात. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत तळ बहुतांशी मऊ चिखलाचा आहे. त्या चिखलाच्या उत्तरेकडच्या भागात नर्मदा आणि तापी यांनी आणलेली, काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली चिकणमाती ठासून भरलेली आहे. त्यापलीकडे एकदम रेती लागते, तीही शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची. ती आजची नव्हे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. पुढे पाणी चढत गेलं तेव्हाच्या किनाऱ्यांची ती उरलेली रेती. आजच्या नद्यांचा गाळ तिथवर पोहोचत नाही, म्हणून ती उघडी राहिली आहे. आणखी पुढे, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर, आंग्रे बँक हा बुडालेला उंचवटा आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. तिथे कठीण तळ आणि स्वच्छ पाणी, म्हणून प्रवाळ.

काळी, रेताड, खडकाळ. तलाठ्याने नोंद करावी इतक्या सरळ तीन जमिनी. आणि प्रत्येकीवर वस्ती वेगळी.

तळावर किंवा तळात राहणाऱ्या जीवांना शास्त्रज्ञ बेंथॉस म्हणतात; आपण तळजीव म्हणू. त्यांच्यातले बहुतेक कणाहीन: बहुशूक कृमी, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांचे झुबके असलेले गांडुळाचे समुद्री भाऊबंद, शिंपले, गोगलगाई, खेकड्यांचे लहान नातलग, तारामासे. रेतीत फटी मोठ्या असतात, पाणी आत-बाहेर खेळतं, प्राणवायू खोलवर जातो. वरून वाहतं पाणी अन्नाचे कण आणतं. तिथे तिसऱ्या आणि खुबे नांदतात. नळीने पाणी ओढायचं, कल्ल्यांवर गाळायचं, अन्न ठेवून घ्यायचं. चिखलात फटी जवळजवळ नसतात. किनाऱ्यालगतच्या चिखलात प्राणवायू अनेकदा वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. त्याखालचा चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा. (आमची काळी काळी असते ती तिच्यातल्या खनिजांमुळे आणि कुजलेल्या पाल्यामुळे, समुद्रातला चिखल काळा होतो तो लोखंड आणि गंधक यांच्या संयुगामुळे. रंग एक, कुळी वेगळी.) अशा जागी पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्याचे कल्लेच बुजतात. तिथे चिखल खाणारे राहतात: तोंडाने चिखल घ्यायचा, त्यातलं कुजकं अन्न पचवायचं, उरलेलं मागे टाकायचं.

जमिनीप्रमाणे वस्ती, ही गोष्ट मोजून दाखवली ती डेन्मार्कच्या पीटरसन यांनी, 1910 च्या दशकात. त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता: चपट्या माशांना खायला तळावर किती आहे? त्यासाठी त्यांनी दोरीने सोडायचा, तळाला टेकला की मिटणारा लोखंडी जबडा बनवला आणि ठरावीक क्षेत्रफळाचा तळ उचलून त्यातला प्रत्येक जीव मोजला. तेच ते सोबती पुन्हा पुन्हा एकत्र सापडू लागले. पुढे त्यांच्याच देशातल्या थोर्सन यांनी दाखवलं, की दूरदूरच्या समुद्रांतही सारख्या तळावर त्याच गोतावळ्यातल्या, सारख्या धाटणीच्या जाती भेटतात.

आजही पद्धत फारशी बदललेली नाही. जहाजावर जबडा वर येतो, चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत ओततात, पाइपाने हळूहळू धुतात. आपल्याकडे मैदा चाळायची बारीक चाळण साधारण तेवढीच असते. चाळणीवर जे राहतं ते फॉर्मॅलिनमध्ये, सोबत रोझ बेंगॉल हा रंग. जीव गुलाबी होतात, माती आणि कचरा तितका रंगत नाही. मग प्रयोगशाळेत चिमट्याने एकेक गुलाबी धागा वेचत बसायचं. 1966 साली स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरुण परुळेकर, झेड. ए. अन्सारी, बबन इंगोले यांच्यासारख्या संशोधकांनी हे वेचण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. त्याला ना मोत्यांचं आकर्षण, ना देवमाशाचं.

आता एक गोष्ट जिने मला चकित केलं. तळजीवांची पिल्लं बहुधा पाण्यात तरंगत असतात, वाऱ्यावर गेलेल्या म्हाताऱ्यांसारखी. मग योग्य जागी उतरतात कशी? योगायोगाने? प्लिमथच्या डग्लस विल्सन यांनी ओफेलिया नावाच्या रेतीतल्या कृमीवर हे वर्षानुवर्षं तपासलं. पिल्लांना हवी ती रेती मिळाली नाही तर ती बसणं पुढे ढकलत राहतात. हवी ती मिळाली की रूप पालटून वस्ती करतात. विल्सन यांनी तीच आवडती रेती आम्लाने साफ करून पुढे ठेवली. कणांचा आकार तोच, तरी पिल्लांनी तिच्याकडे पाठ फिरवली. रेतीच्या कणांवर जिवाणूंचा जो जिवंत पातळ लेप असतो, तो त्यांना हवा होता. मामा मूठ दाबून पाहतात तेही नुसतं ओल तपासायला नसतं, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

आणि जमीन वस्ती घडवते तशी वस्तीही जमीन घडवते. गांडुळं माती कशी उलथतात यावर डार्विनने 1881 साली अख्खं पुस्तक लिहिलं. समुद्रातल्या चिखलखाऊ कृमींचं काम त्याहून ओलं: बिळं करून ते पाणी आत खेळवतात, म्हणजे चिखलाला थोडाफार वाफसा आणून देतात. पण यात शेजाऱ्याचं नुकसान होतं. 1970 साली ऱ्होड्स आणि यंग या दोघांनी अमेरिकेतल्या बझर्ड्स उपसागरातल्या कामावरून मांडलं, की चिखलखाऊंच्या उलथापालथीने वरचा थर इतका भुसभुशीत होतो की थोड्या लाटेनेही गढूळ होतो, आणि पाणी गाळून खाणाऱ्यांना तिथे पाय रोवता येत नाही. एकाची मशागत, दुसऱ्याची अडचण. पुढे संशोधकांनी सावध केलं, की नुसत्या कणांच्या आकारावर सगळं बेतू नका; पाण्याचा वेग आणि खाली येणारं अन्न, दोन्ही आकाराबरोबर बदलतात आणि खरं कारण बऱ्याचदा तेच असतं. मला हा सावधपणा पटतो. "काळी आहे म्हणून कापूस" एवढं शेतकरीही म्हणत नाही.

आपल्या अरबी समुद्राची एक खास खोड आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचं पाणी वर चढतं, आणि ते प्राणवायूने गरीब असतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं पसरतं. झाकणाखाली कुजणं चालू राहतं, हवा मात्र पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पश्चिम किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात तळाचा प्राणवायू संपत येतो. गोव्यासमोर तर हायड्रोजन सल्फाइडही आढळला आहे. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर' नियतकालिकात हे मांडलं. कांदोळीसमोरचं एक ठिकाण 1997 पासून सातत्याने तपासलं जात आहे. म्हणजे शेतात पिकं वाऱ्यावर डोलत असतात त्याच दिवसांत तिकडे तळ गुदमरलेला असतो. तारामाशांसारखे जीव आधी हार मानतात. टिकतात ते काही बहुशूक कृमी. पॅराप्रिओनोस्पिओ नावाच्या कृमीच्या डोक्यामागे पिसासारखे लांब कल्ले असतात. उरलासुरला प्राणवायू तो त्यांनी वेचतो. हिवाळ्यात पाणी पालटतं आणि बाकीचे हळूहळू परततात.

माणसाने जमीन बदलली तर काय होतं, याचं उदाहरण गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांत मिळतं. लोहखनिजाच्या खाणींचा टाकाऊ गाळ या नद्यांत उतरत राहिला. परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसऱ्यांच्या उत्पन्नात मोठी घट आणि तळावर मोजक्याच सोशीक जातींचा वावर नोंदवला. ओहोटीला पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांसाठी हा बदल बाजाराचा होता.

इकडे तापीची गोष्ट उलटी. 1972 साली उकाई धरण झालं, त्यानंतर खानदेशातून निघालेला बराचसा गाळ समुद्राआधीच तिथे बसतो. त्याच्याही वर आमच्या तालुक्यात सुलवाड्याचा बॅरेज, पलीकडे सारंगखेडा आणि प्रकाशा. नदी वाहायची तिथे आता पाणी उभं राहतं. वाहत्या, गोटाळ पात्रात दगडाला चिकटून राहणारी मेफ्लाय या कीटकाची पिल्लं उभ्या पाण्यात टिकत नाहीत. त्यांच्या जागी चिखलातले येतात.

गेल्या दिवाळीत घरातली मैद्याची चाळण घेऊन मी मुडावदच्या संगमावर गेलो. गुडघाभर पाण्यातला एक ओंजळ चिखल चाळणीत घेतला आणि धुवत बसलो. आधी वास आला, ओळखीचा. मग काळं पाणी गेलं आणि जाळीवर चार-पाच लालभडक, नखाएवढे किडे वळवळू लागले. ही डासांच्या एका निरुपद्रवी चुलतभावाची पिल्लं. त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू कमी तिथे तो धरून ठेवण्याची त्यांची सोय. शेजारी एका शिंपल्याचा फुटका तुकडा आणि गव्हाच्या दाण्याएवढी गोगलगाय. मामा काठावर उभे होते. त्यांनी वाकून बघितलं, दोन बोटांत चिखल घेऊन चोळला आणि म्हणाले, "हाई ते आपलीच काळी शे."

चाळण मामींनी परत घरात घेतली नाही.