एकच रंग, दोन पगार

अमेरिकेत एखाद्या लहान शहराला जाणाऱ्या विमानावर डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन या बड्या कंपनीचे नाव असते. तिकीट तिचेच, रंग तिचाच. पण कॉकपिटमध्ये बसलेल्या दोघांचा पगार बहुतेक वेळा भलतीच कंपनी देत असते आणि तिचे नाव तिकिटावर बारीक अक्षरांत असते. मुंबईकर वाचकांना हा प्रकार नवा वाटणार नाही. बेस्टच्या लाल बसवर नाव बेस्टचे, तिकीटही बेस्टचे, पण भाडेतत्त्वावरील गाडीचा ड्रायव्हर कंत्राटदाराचा. ऑगस्ट 2023 मध्ये याच ड्रायव्हरांनी काम बंद केले, तेव्हा स्टॉपवर ताटकळणाऱ्या कित्येकांना हा फरक पहिल्यांदा कळला असेल.

तिकडे अशा कंपन्यांना ‘रीजनल’ म्हणतात. बडी कंपनी त्यांना ठरावीक मुदतीचे कंत्राट देते. विमान कुठून कुठे उडवायचे आणि तिकीट केवढ्याला विकायचे, हे बडी कंपनी ठरवते. इंधनाचा खर्चही सहसा तीच उचलते. रीजनल कंपनीला उड्डाणांमागे ठरलेली रक्कम मिळते. आता कंत्राट मिळवायचे तर दुसरीपेक्षा स्वस्त पडायला हवे. विमाने साऱ्यांची सारखीच. मग स्वस्त करायला उरते काय? माणसे.

या माणसांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सोपे का जाते, हे समजायला सेवाज्येष्ठता समजली पाहिजे. शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये ज्येष्ठता यादीवरून किती मने दुखावतात ते मी रोज पाहतो, पण वैमानिकाचे तर सारे आयुष्यच त्या यादीवर चालते. कोणते विमान, कोणते शहर, सणाला सुट्टी मिळणार की नाही, कप्तान कधी होणार, सारे यादीतल्या क्रमांकावर. कंपनी बदलली की हा क्रमांक पुसला जातो. वीस वर्षे विमान उडवलेला माणूस नव्या कंपनीत सर्वांत शेवटी उभा राहतो. आपल्याकडे अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे समायोजन तरी होते. तिथे कंपनी बंद पडली की यादीही तिच्याबरोबर जाते. म्हणून शेजारच्या कंपनीचा वैमानिक कमी पगारावर राजी झाला की इथल्याच्या पोटात गोळा येतो.

बड्या कंपन्यांच्या वैमानिकांनाही आपले काम या स्वस्त कंपन्यांकडे जाईल, ही धास्ती होतीच. त्यांनी आपल्या करारात कलमे घालून घेतली. त्यामुळे आज मोठ्या तीन कंपन्यांसाठी उडणाऱ्या रीजनल विमानात साधारणपणे 76 पेक्षा जास्त आसने चालत नाहीत. बड्यांच्या दृष्टीने ही कुंपणाची भिंत, पण रीजनलवाल्यांना ती डोक्यावरचे छत वाटली, तेही आपल्याच भावंडांनी बांधलेले. कारण दोन्हीकडचे अनेक वैमानिक एकाच संघटनेचे वर्गणीदार. 2001 मध्ये कॉमएअर आणि एएसए या कंपन्यांच्या काही वैमानिकांनी आपल्याच संघटनेला न्यायालयात खेचले. संघटना डेल्टाच्या वैमानिकांचे हित आधी पाहते, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी कॉमएअरचा संप झाला. डेल्टाच्या मालकीची ही कंपनी सिनसिनाटीजवळची. अमेरिकेत वैमानिकांना मनात आले म्हणून संप करता येत नाही. रेल्वे कामगारांसाठी 1926 मध्ये केलेला कायदा 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. आधी सरकारी मध्यस्थी, ती फसली तर मंडळाकडून मोकळीक, त्यानंतर 30 दिवसांची थंड होण्याची मुदत. हे सारे पार करून 26 मार्च 2001 रोजी सुमारे 1,350 वैमानिकांनी काम थांबवले, ते 89 दिवस. पगार, निवृत्तीची तरतूद आणि विश्रांती या त्यांच्या मागण्या होत्या. त्या मला वाजवीच वाटतात. चांगली पगारवाढ मिळवून ते परतले. पण महाग पडणाऱ्या कंपनीचे काम स्वस्त पडणाऱ्या कंपनीकडे वळवता येते, ही व्यवस्था तशीच राहिली. पुढे डेल्टाची दिवाळखोरी आली, 50 आसनी जुनी विमाने परवडेनाशी झाली आणि 29 सप्टेंबर 2012 रोजी कॉमएअर बंद झाली.

वैर कुठवर जाते, याचे उदाहरण सेंट लुईसचे. ट्रान्स स्टेट्स ही कंपनी अमेरिकनसाठी उडत होती आणि त्या करारामुळे तिला मोठी जेट विमाने ठेवता येत नव्हती. मालकांनी युनायटेडसाठी मोठी विमाने उडवायला गोजेट नावाची दुसरी कंपनी काढली. मालक तेच, पण वैमानिक नवे, यादी नवी, संघटनाही वेगळी. ट्रान्स स्टेट्सच्या वैमानिकांना वाटले, आपल्या हक्काचे काम मागच्या दाराने गेले. कॉकपिटमध्ये एक जादा आसन असते. कामावर जाणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला कप्तान त्यावर बसू देतो, ही त्या व्यवसायातली जुनी रीत. गोजेटच्या लोकांना ते आसन नाकारणारे कप्तान निघाले. निर्णय मालकांचा आणि राग निघाला तो नोकरी शोधत आलेल्या तरुणांवर. मला तरी हे पटत नाही, पण कळते.

2020 च्या साथीत युनायटेडने आपली 50 आसनी विमाने एकाच कंपनीकडे द्यायचे ठरवले. स्पर्धेत एक्सप्रेसजेट आणि कम्यूटएअर, दोन्हींत युनायटेडचाच हिस्सा. काम कम्यूटएअरला मिळाले. एक्सप्रेसजेटचे युनायटेडसाठीचे उड्डाण 30 सप्टेंबर 2020 रोजी थांबले.

या ओढाताणीत प्रवाशाचे काय होते, हा प्रश्न 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री पुढे आला. कॉन्टिनेंटलच्या नावाने उडणारे, पण कोल्गन कंपनीचे विमान बफेलोजवळ घरावर कोसळले. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जीव गेले. विमानाचा वेग घसरला असताना कप्तानाने उलटी कृती केली, असे चौकशीत ठरले. पण सुनावणीत इतर गोष्टीही उघड झाल्या. सहवैमानिक तरुणी सिएटलकडे राहत होती आणि नेवार्कला कामावर पोहोचण्यासाठी तिने रात्रभर मालवाहू विमानांतून देश ओलांडला होता. तिच्या पगाराचा वर्षाला सुमारे 16 हजार डॉलर हा आकडा सुनावणीत आला. कंपनीने नंतर त्याहून मोठा आकडा सांगितला. शिवाय तिकडे वैमानिकाचा मोबदला मुख्यतः विमान दारापासून हलल्यावर मोजला जाई. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या शिक्षकांना त्याचा अर्थ चांगला कळेल.

मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही. 2010 मध्ये कायदा झाला आणि 2013 पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे 1,500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. लष्करातून किंवा विमानविद्येची पदवी घेऊन येणाऱ्यांना थोडी सूट. पूर्वी 250 तासांवर भागत होते. गंमत अशी की, त्या विमानातल्या दोघांचेही तास 1,500 च्या वर होते. पण या नियमाने वेगळेच काम केले. स्वस्तात मिळणारे नवशिके वैमानिक आटले.

साथीनंतर प्रवासी परतले तेव्हा बड्या कंपन्यांनी रीजनलचे कप्तान भराभर उचलले. जून 2022 मध्ये अमेरिकनच्या मालकीच्या रीजनल कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला 90 डॉलरवर नेला. त्यातला काही भाग ठरावीक मुदतीपुरताच होता. पाठोपाठ इतरांनाही हात सैल सोडावा लागला. जी चढाओढ वर्षानुवर्षे पगार खाली ओढत होती, तीच आता वर खेचू लागली. लहान शहरांच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. यादी अजून प्रत्येक कंपनीची वेगळीच आहे. पंधरा वर्षे रीजनलमध्ये कप्तान राहिलेला माणूस बड्या कंपनीत जातो, तेव्हा बहुधा उजव्या खुर्चीवर, नव्या यादीच्या तळाशीच जाऊन बसतो.