जाळ्यासाठी शिशाची वजने ओतताना कढईतील उष्णतेचे नियंत्रण

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. हा जलाशय आणि बोरीच्या परिसरातील तलाव व शेततळी यांमुळे मत्स्यव्यवसाय हा शेतीला चांगला जोडधंदा होऊ शकतो. या धंद्यात फेकजाळ्याचे महत्त्व मोठे आहे. जाळ्याचा घेर सर्व बाजूंनी सारखाच बुडाला तरच मासळी आत अडकते. आणि हे काठाला ओवलेल्या शिशाच्या वजनांवर अवलंबून असते. ही वजने पुष्कळदा घरीच ओतली जातात. परंतु उष्णतेचा अंदाज चुकल्यास वजने खराब होतात, इतकेच नव्हे तर घरात विष पसरते. म्हणून या कामाची शास्त्रशुद्ध माहिती प्रत्येकाने करून घेणे अगत्याचे आहे.

शिसे कसे वितळते?

शिसे ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळते. कढईत घट्ट शिशाचे तुकडे शिल्लक असेपर्यंत जाळाची बरीचशी उष्णता ते वितळविण्यातच खर्ची पडते व रसाचे तापमान फारसे वाढत नाही. शेवटचा तुकडा विरघळला, की मात्र ते झपाट्याने चढू लागते. कारण शिसे एक अंशाने तापविण्यास तितक्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतकीच उष्णता पुरते. यास्तव शेवटचा तुकडा विरघळण्याच्या बेतात असतानाच जाळ कमी करावा.

ओतकामास ३५० ते ४०० अंश तापमान पुरेसे होय. याहून थंड रस साचा पूर्ण भरत नाही. वजनावर सुरकुत्या पडतात व त्यांच्या कडा जाळ्याचा दोरा कापतात. याहून तप्त रसाची वजने खरबरीत व आतून पोकळ निघतात, आणि शिसे हवेशी संयोग पावून मळाच्या रूपाने वाया जाते. ५०० अंशांच्या सुमारास तर विषारी वाफ लक्षणीय प्रमाणात निघू लागते.

भंगारातील शिशात जस्ताचे तुकडे असू शकतात. जस्त ४१९ अंशांना वितळते व शिशाहून हलके असते. त्यामुळे उष्णता ४०० अंशांच्या आत राखल्यास ते वर तरंगते व झाऱ्याने काढून टाकता येते.

तापमान कसे ओळखावे?

५०० अंशांपर्यंत मोजणारा धातूच्या दांड्याचा तापमापक वापरणे सर्वांत उत्तम. काचेचा पाऱ्याचा तापमापक मुळीच वापरू नये. पारा ३५७ अंशांनाच उकळतो व काच फुटते. तापमापक नसल्यास मऊ लाकडाची पूर्ण कोरडी काडी रसात क्षणभर धरावी. ती सावकाश तपकिरी झाली तर उष्णता योग्य समजावी. तत्काळ काळी पडून धुमसू लागली तर जाळ काढावा. मळ दूर केल्यावर रसावर लगेच पिवळी, जांभळी वा निळी झाक येणे, हेही अतितप्ततेचेच लक्षण होय.

तापमान वाढल्यास कोरड्या व आधी शेकून घेतलेल्या शिशाचा तुकडा पळीने अलगद सोडावा. तो वितळताना उष्णता शोषून घेतो. असा एक तुकडा नेहमी हाताशी ठेवावा.

जाळ व भांडे

पऱ्हाटी किंवा तुराटीचा जाळ एकदम भडकतो व आवरत नाही. त्याऐवजी कोळशाची शेगडी घ्यावी व हवेचे तोंड कमी-अधिक करून उष्णता सांभाळावी. भांडे जाड लोखंडी व सपाट बुडाचे असावे. स्वयंपाकाची चूल वापरू नये, आणि शिशासाठी वापरलेले भांडे पुन्हा कधीही अन्नासाठी घेऊ नये.

ओलावा हा मोठा शत्रू

पाण्याचा थेंब तप्त रसाखाली सापडला, की त्याची वाफ होऊन तो सुमारे सोळाशे पट फुगतो आणि रस उसळून अंगावर येतो. म्हणून साचा, पळी व तुकडे आधी शेकून घ्यावेत. पावसात काम करू नये. चष्मा, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व बंद पादत्राणे वापरावीत.

विषबाधेपासून बचाव

रसावर येणारी पिवळसर पूड ही मुरदाडशिंगाच्या जातीची असून ती पोटात गेल्यास विषबाधा होते. शिशाचे कोणतेही प्रमाण लहान मुलांना निर्धोक नाही. त्याने बुद्धीची वाढ खुंटते. गरोदर स्त्रिया व मुले यांना या कामापासून कटाक्षाने दूर ठेवावे. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा एका बाजूने वाहील असे उभे राहून करावे. तद्नंतर हातपाय धुवावेत व कपडे बदलावेत. मळ झाकणाच्या डब्यात साठवावा. उकिरड्यावर टाकल्यास तो खताबरोबर शेतात जातो. गुरांनी चाटल्यास ती दगावू शकतात.

वाहनांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्या अधिकृत संकलकाकडेच द्याव्यात.

ज्यांना ही सर्व दक्षता घेणे शक्य नसेल, त्यांनी तयार वजने, लोखंडी साखळी किंवा पूर्वापार चालत आलेले भाजलेल्या मातीचे मणी वापरावेत. जाळे थोडे सावकाश बुडाले तरी चालेल. मात्र मासळीबरोबर घरात विष येता कामा नये.