लढतीसाठी मॉडेल विमान निवडताना

रेडिओ-नियंत्रित विमानांची लढत मुख्यतः दोन तऱ्हांनी खेळली जाते. एका तऱ्हेत प्रत्येक विमानामागे क्रेप कागदाची लांब फीत फडफडत असते. प्रतिस्पर्ध्याची फीत कापली की गुण मिळतात. दुसरी लढत डोंगरउतारावरची. तिथे मोटर नसते. उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर विमान तरंगते आणि धडक देऊन दुसऱ्याला खाली पाडणे हाच खेळ. विमान घेण्याआधी यातले काय खेळायचे ते ठरवावे. फीत कापायची तर प्रॉपेलर नाकावर हवा. मागे प्रॉपेलर असलेले विमान उतरताना सुखरूप राहते खरे, पण स्वतःचीच फीत त्यात गुंडाळली जाण्याची भीती असते.

वेगाचा मोह नवशिक्यांना हमखास पडतो. प्रत्यक्षात लहान वर्तुळात वळणारे विमान वरचढ ठरते, आणि त्यासाठी पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन कमी असावे लागते. युरोपात दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या १:१२ प्रतिकृती लढवतात. या मापात स्पिटफायरचा पंखविस्तार सुमारे ९४ सेंटिमीटर येतो, तर मेसरश्मिट १०९ ई चा जेमतेम ८२. दिसायला दोन्ही देखणी, पण वजन सारखे असेल तर वळणात स्पिटफायर सरस.

धडका होणारच, म्हणून बाल्सा लाकडापेक्षा ईपीपी फोम बरा. मोटारींच्या बंपरमध्ये वापरला जाणारा हा फोम दबतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. धाग्यांची चिकटपट्टी लावून त्यावर रंगीत टेप इस्त्रीने बसवली की पंख चिवट होतो. शेपटी नसलेले ‘फ्लाइंग विंग’ विमान सर्वांत टिकाऊ, कारण त्यात मोडण्यासारखे भागच थोडे. मात्र त्याचा गुरुत्वमध्य काही मिलिमीटरने जरी मागे सरकला तरी ते बेभान होते. शिवाय लांबून ते येते आहे की जाते आहे हे कळत नाही; वरचा आणि खालचा रंग अगदी वेगळा ठेवावा.

विमानाचे हलते पृष्ठभाग वळवणाऱ्या छोट्या मोटरमधील, म्हणजे सर्व्होमधील, प्लॅस्टिकचे दाते धडकेत आधी तुटतात, म्हणून धातूच्या दात्यांचे सर्व्हो घ्यावेत. लिथियम-पॉलिमर बॅटरी चेपली तर पेट घेऊ शकते. तिच्यासाठी फोममध्ये खोल कप्पा हवा. संपर्क तुटताच मोटर बंद होण्याची सोय रिसीव्हरमध्ये असलीच पाहिजे. महागड्या एका विमानापेक्षा त्याच पैशांत स्वस्त, अगदी एकसारखी दोन घ्यावीत, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतात.