सैन्यदलातील वैद्यकीय सेवा आणि महिला

बुलढाणा येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षण घराजवळ उपलब्ध झाले. राज्यातील अशी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. जुलै २०२१ मध्ये या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नियुक्त झालेल्या डॉ. माधुरी कानिटकर यांनी त्यापूर्वी अडतीस वर्षांहून अधिक काळ लष्करात सेवा केली व त्या लेफ्टनंट जनरल या पदापर्यंत पोहोचल्या. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलींना सैन्यदलाचाही मार्ग खुला आहे, ही गोष्ट ग्रामीण भागात अद्याप फारशी परिचित नाही. म्हणून त्यांची वाटचाल समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शिक्षण व सेवा

डॉ. कानिटकर यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली व राष्ट्रपती सुवर्णपदक संपादन केले. डिसेंबर १९८२ मध्ये त्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झाल्या. पुढे बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन मुलांच्या मूत्रपिंडाचे विकार या विषयात त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. सैनिकांच्या मुलांसाठी अशा उपचारांची सोय पुणे व दिल्ली येथे उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. आपल्याच महाविद्यालयाच्या त्या अधिष्ठाता झाल्या. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांना लेफ्टनंट जनरल पदी बढती मिळाली आणि तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयात वैद्यकीय विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. लगेचच कोविडची साथ सुरू झाली. त्यांचे पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल पदावरून निवृत्त झाले आहेत.

डॉक्टर महिलाच प्रथम का?

तिन्ही दलांत या दर्जाला पोहोचलेल्या डॉ. कानिटकर या तिसऱ्या महिला होत. त्यांच्यापूर्वी हा मान डॉ. पुनिता अरोरा व हवाई दलाच्या डॉ. पद्मा बंदोपाध्याय यांना मिळाला होता. तिघीही डॉक्टर आहेत, हा योगायोग नव्हे. ज्येष्ठ पदापर्यंत पोहोचण्यास तीन-साडेतीन दशकांची सेवा लागते. अल्पकालीन कमिशनवर आलेल्या अधिकाऱ्यास तेवढी वर्षेच मिळत नाहीत. त्यासाठी कायम कमिशन हवे. आर्मी मेडिकल कोअरने महिलांना ते १९५८ पासूनच दिले होते. लष्कराच्या इतर अनेक शाखांतील महिलांचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयाने मान्य झाला. वरची पदे थोडी असतात व त्यांसाठी सेवेचे अहवाल, पात्रता आणि अनुभव पाहून निवड होते. परंतु शिडी पूर्ण असेल तरच वर चढता येते. २०२४ साली डॉ. साधना सक्सेना नायर लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या, तर डॉ. आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या.

प्रवेशाचा मार्ग

पुण्याचे हे महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. पदवीचे वर्ग १९६२ पासून भरू लागले. प्रवेशासाठी प्रथम ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत या महाविद्यालयाची पसंती नोंदविल्यावर गुणानुक्रमे निवडलेल्या उमेदवारांना पुण्यास बोलावितात. तेथे इंग्रजीचे आकलन व तर्कशक्ती यांची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. उमेदवार अविवाहित असावा लागतो. शिक्षणाचा व निवासाचा खर्च शासन करते. त्या बदल्यात पदवीनंतर सैन्यदलात सेवा करणे बंधनकारक असते. मुलींच्या जागा मात्र मुलांच्या मानाने बऱ्याच कमी असून स्पर्धा तीव्र आहे.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी विज्ञानात हुशार असूनही इंग्रजीच्या चाचणीत मागे पडू शकते. म्हणून आठवी-नववीपासूनच तिच्या इंग्रजी वाचनाकडे लक्ष देणे हे शिक्षकांचे काम होय. अविवाहित असण्याची अट पाहता, बारावी होताच मुलीचे लग्न ठरविणाऱ्या घरी जाऊन पालकांना हा मार्ग समजावून सांगणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. ‘बदल्यांच्या नोकरीत संसार कसा होणार?’ असे पालकांनी विचारल्यास कानिटकर दांपत्याचे उदाहरण पुढे ठेवता येईल. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाच्या या जिल्ह्यात मुलींच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना वेळेवर माहिती मिळावी, एवढीच गरज आहे.